डोळे उघडे, तोंड बंद

नापासरावांच्या सासूबाईंचा डोळे उघडे असलेला फोटो पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नव्हता. ही ऐकीव गोष्ट नव्हे; घरातले सगळे अल्बम साक्षीला आहेत. लग्नाच्या फोटोत नवरा कॅमेऱ्याकडे बघतोय आणि नवरी गाढ झोपलीय. मुलीला मांडीवर घेतलेल्या फोटोत मुलगी टक्क जागी, आई झोपलेली. एकदा मैदानात मोठी सभा झाली आणि वर्तमानपत्रात गर्दीचा फोटो छापून आला. माणसं मोहरीएवढी. भिंग लावून पाहिलं तर मागच्या रांगेतल्या एका मोहरीने डोळे मिटून घेतले होते. त्याच सासूबाई. वरून जाणाऱ्या एखाद्या उपग्रहाने कधी त्यांच्या गच्चीचा फोटो काढला असेल, तर त्याचीही चाहूल लागून त्यांनी आधीच डोळे मिटले असणार, याबद्दल जावयाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

एरवी हे डोळे भलतेच तिखट. पलंगाखाली पडलेली सुई त्यांना दारातून दिसे, आणि जावयाच्या शर्टाचं सैल झालेलं बटण तो जिना चढत असतानाच. पण कोणी कॅमेरा उचलला रे उचलला, की पापण्या दुकानाच्या फळीसारख्या खाडकन खाली.

इतकी वर्षं त्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते पणती झाल्यावर.

नापासरावांची मुलगी लग्न होऊन सातासमुद्रापलीकडे गेली होती. तिला मुलगी झाल्याचा फोन आला आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंनी जाहीर केलं, "डोळे मिटायच्या आत मला पणतीला कडेवर घ्यायचंय. आणि ती चालायला लागायच्या आत. पोर एकदा पायावर उभं राहिलं की कडेवर टिकत नाही, खाली सोडा म्हणून लाथा झाडतं. हिने काय कमी झाडल्यात?"

'हिने' म्हणजे नापासरावांच्या बायकोने.

"आई, त्याला जमाना झाला!"

"म्हणून लाथा विसरायच्या होय?"

तर परदेशी जायचं म्हणजे पासपोर्ट हवा, पासपोर्टला फोटो हवा, आणि फोटोत डोळे उघडे हवेत. झाली का पंचाईत! आणि ही पंचाईत कोणाच्या घरात यावी? नापासरावांच्या!

नापासराव हे काही त्यांना पाळण्यात ठेवलेलं नाव नव्हे. ते त्यांनी कर्तबगारीवर मिळवलेलं होतं. उभी हयात त्यांनी पासपोर्ट कचेरीत फोटो तपासायच्या खिडकीमागे काढली. "कान दिसत नाहीत, परत काढून आणा." "हसताय कशाला? परत." "चष्म्यावर दिवा चमकतोय, परत." एकदा एका गृहस्थाचा फोटो मान वाकडी म्हणून त्यांनी परत केला. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "साहेब, जन्मापासून अशीच आहे हो." नापासराव शांतपणे म्हणाले, "मग तसा जन्मापासूनचा दाखला आणा." निवृत्तीच्या दिवशी सगळ्या कचेरीने त्यांना मध्ये बसवून फोटो काढला, तोही त्यांनी 'पाठीमागे पंखा आलाय' म्हणून परत केला. तो परत काढला तेव्हा कुठे ते निवृत्त झाले.

असा माणूस. त्याने हजारो माणसांचे फोटो नापास केले, पण जन्मात एकही काढला नव्हता. परीक्षकाला पोहता यावं लागत नाही, काठावर उभं राहता आलं की पुरतं.

आधी नापासराव बायकोला आणि सासूबाईंना घेऊन रीतसर कचेरीसमोरच्या स्टुडिओत गेले. स्टुडिओवाला मास्तर नापासरावांना बघून गल्ल्यावरून उठलाच. का उठणार नाही? नापासरावांनी परत पाठवलेलं प्रत्येक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून त्याच्याकडेच तर यायचं! "साहेब, हा वरचा मजला तुमचाच आहे," असं तो म्हणायचा आणि ते फक्त आदराने म्हणायचा नाही. त्याने सासूबाईंना स्टुलावर बसवलं, हनुवटी उचलली, "एक, दोन..." म्हणाला. पापण्या खाली. त्याने न सांगता काढला. पापण्या खाली. खोकल्याचा बहाणा करून काढला. खाली. बाहेरून येतो म्हणून गेला आणि पडद्याच्या फटीतून काढला. संगणकावर उघडून बघितलं तर सासूबाई पडद्याच्या दिशेला तोंड करून, डोळे मिटून बसलेल्या.

मास्तरने हात टेकले. "साहेब, मी उडत्या घारीचा डोळा टिपलाय. पण ह्या आजींपुढे आपण हरलो."

"मला काय झालंय?" सासूबाई करवादल्या. "मी उघडेच ठेवले होते. तुमचं यंत्रच आंधळं आहे."

आणि इथे, सासूच्या, बायकोच्या आणि रांगेतल्या चार गिऱ्हाइकांच्या देखत, नापासरावांच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं, "मी काढतो."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. लग्नानंतर तिने असं एकदाच बघितलं होतं, नापासराव घरचा नळ स्वतः दुरुस्त करतो म्हणाले होते तेव्हा. त्या वेळी खालच्या मजल्यापर्यंत पाणी गेलं होतं.

पण मास्तरला मात्र गहिवरून आलं. ज्या हाताने एवढी बरकत दिली त्या हाताला विद्या द्यायची संधी कोणाला मिळते? त्याने कपाटातून आपला जुना कॅमेरा काढून दिला. चांगला दणकट होता. फक्त पाठीवरचा पडदा कायमचा गेलेला, त्यामुळे काय काढलंय ते स्टुडिओत येऊन संगणकावर उघडेपर्यंत काढणाऱ्याला कळायचं नाही. "ते बरंच आहे," मास्तर म्हणाला, "लगेच दिसलं की माणूस शिकत नाही."

शिकवणी सुरू झाली. "साहेब, फोटो म्हणजे उजेडाचा अर्ज. अॅपर्चर म्हणजे खिडकी किती उघडी ठेवायची. शटर म्हणजे किती वेळ उघडी ठेवायची. आणि आयएसओ म्हणजे आतला कारकून किती मिणमिणत्या उजेडात वाचू शकतो. जास्त ताणलं की त्याला डोळ्यांपुढे मुंग्या दिसायला लागतात."

खिडकी, वेळ आणि कारकून! आयुष्यभर दुसरं केलं काय होतं? नापासरावांना वाटलं, हे शास्त्र आपल्यावरूनच बेतलंय. फक्त एक गोष्ट पचेना. "आकडा लहान तर भोक मोठं, आणि आकडा मोठा तर भोक लहान? हे कसं काय?"

"आहे खरं तसं."

नापासराव विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या खात्यासारखंच. पद जेवढं लहान, तेवढं तोंड मोठं."

त्या दिवसापासून घरात दुसरी भाषा राहिली नाही. बायकोने दिवा घालवला की "आयएसओ वाढवावा लागणार", तिने दार लावायला वेळ घेतला की "शटर मंद आहे", आणि शेजारीण दारात उभी राहिली की "फ्रेममध्ये गर्दी नको". बायको एकदा म्हणाली, "अहो, भाजी कशी झालीय ते सांगा." तर हे ताटात वाकून म्हणतात, "मधला बटाटा फोकसमध्ये आहे, कडेचे जरा गेलेत." त्या दिवशी कडेचे बटाटे त्यांना वाढलेच गेले नाहीत.

शेजारच्या दंतवैद्यांना बातमी लागली. हा गृहस्थ दवाखान्यात गिऱ्हाइकांना बोलू देत नाही आणि त्यांच्या वाटचंही बाहेर स्वतःच बोलतो. "फोटो म्हणून सांगूच नका. एक्स-रे म्हणून सांगा. एक्स-रेला कोणी डोळे मिटत नाही, हा माझा अनुभव आहे."

"एक्स-रेत डोळे दिसतात कुठे?" नापासरावांनी विचारलं.

"म्हणूनच तर माझा अनुभव आजवर कोणी खोडून काढलेला नाही!"

नापासरावांनी सल्ला गुंडाळून ठेवला आणि शिकार करायची ठरवली. सासूबाई संध्याकाळी चहा करायच्या. ह्या चहाबद्दल आत्ताच सांगून ठेवलेलं बरं. त्या वेळी स्वयंपाकघरात दुसऱ्या कोणाला शिरायची मुभा नव्हती, आणि 'माझ्या हातचा चहा घेतल्याशिवाय जावईबापूंचा दिवस मावळत नाही' ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव बढाई होती. चहा असा, की गरम पाण्याला लांबून चहाची पावडर दाखवली असावी. नापासराव तो कप लग्नापासून रोज तळापर्यंत पीत आले होते आणि रोज "वा" म्हणत आले होते. खिडकीवर निर्दय असलेला माणूस घरी एवढं एक खोटं बोलून भरपाई करत असे.

तर सासूबाई दुधावर नजर ठेवून उभ्या. दूध उतू जाऊ नये म्हणून त्यांचे डोळे नक्की उघडे असणार, हा हिशेब. नापासराव वाळत घातलेल्या चादरीआड दबा धरून बसले. उजेड कमी म्हणून खिडकी, म्हणजे अॅपर्चर, सताड उघडली, श्वास रोखला आणि दाबलं. सासूबाईंनी मान वळवून विचारलं, "चादरीला गुडघे कधीपासून फुटले?"

फोटो आला. नाक असं स्वच्छ, की नाकावरचा तीळ मोजून घ्यावा. पण नाकाच्या मागे सगळा प्रदेश धुक्यात. मास्तर म्हणाला, "एवढी खिडकी उघडली की जे समोर असेल तेवढंच स्पष्ट, मागचं विरघळतं." नापासरावांना घाई झाली होती. त्यांनी तोच घेतला आणि रस्ता ओलांडला.

त्यांच्या जुन्या खिडकीमागे आता एक तरुण मुलगी बसत असे. तिला त्यांनीच तयार केलं होतं. "पोरी, समोरचा रडेल, भांडेल, ओळख सांगेल. तू माणूस बघायचा नाही, फोटो बघायचा." तिने त्यांना पाहून उभं राहून नमस्कार केला, खाली बसली आणि फोटो भिंगाखाली धरला.

"सर, कान नाहीत."

"आहेत. जरा धूसर आहेत. पण डोळे बघ, उघडे आहेत!"

"सर, मला डोळेच दिसत नाहीत. परत काढून आणा."

तोच सूर. तोच थंडपणा. 'आणा'वर किंचित जोर देऊन फोटो बोटाने परत सरकवायची ती लकब तर हुबेहूब त्यांची! नापासराव रांगेतून बाहेर पडले तेव्हा कान तापलेले होते, पण छाती फुगलेली होती. गुरूची विद्या गुरूला फळली, असं लोक कुचेष्टेने म्हणतात. नापासरावांना त्या म्हणीत पहिल्यांदाच गोडवा सापडला. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "नापास केलं मला. काय तयार केलीय मी पोर!"

"अहो, पण आईचा पासपोर्ट?"

"तेही बघू."

परदेशातून फोन आला. पणती पालथी पडायला लागली होती. सासूबाईंनी फोन कानाला घट्ट लावून धरला, जणू पालथं पडल्याचा आवाज त्यांना ऐकायचा होता.

दुसऱ्या खेपेला नापासरावांनी मागे पांढरी चादर धरायला बायकोला उभं केलं आणि कॅमेऱ्यावर मास्तरचा मोठा फ्लॅश चढवला. पापणी मिटायच्या आधी उजेडाने पोहोचायचं, हा बेत. दंतवैद्य मदतीला आलेच. त्यांनी सासूबाईंना "आ करा" म्हणून पाहिलं आणि सासूबाईंनी त्यांना बाहेरचा दरवाजा दाखवला. मग फ्लॅश उडाला. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी वीज पडली म्हणून वाळवण आत घेतलं. सासूबाई तो सगळा दिवस भिंत चाचपत चालल्या आणि त्यांनी जावयाला दोनदा मुलगी समजून काम सांगितलं.

खिडकीवरच्या मुलीने फोटो उलटा धरला, मग सुलटा. सगळा पांढरा. चेहरा पांढरा, केस पांढरे, चादर पांढरी.

"सर, अर्जदार गैरहजर आहे."

"ह्यात डोळे मिटलेत असं तू सिद्ध करून दाखव!"

"उघडे आहेत असं तुम्ही दाखवा." तिने भिंग कडेला नेलं. "स्पष्ट दिसतात ती फक्त ही दोन्हीकडची बोटं. कोणाची आहेत?"

"माझ्या बायकोची. तिने चादर धरली होती."

"मग अर्ज त्यांच्या नावाने करा. पण त्यांचेही कान नाहीत. परत काढून आणा."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. ज्या रांगेने आयुष्यभर चळचळा कापावं, ती रांग हसली! नापासराव ताठ मानेने बाहेर आले. 'त्यांचेही कान नाहीत' हे तर त्यांनाही सुचलं नसतं. शिष्याने गुरूच्या पुढे पाऊल टाकलं होतं. मास्तरच्या स्टुडिओत बसून ते बराच वेळ नुसते मान हलवत राहिले, आणि मास्तरला कळेना की ह्यांना पाणी द्यावं की पेढा.

पणती बसायला लागली. मग दात आला. मग ती रांगते असा फोन आला. सासूबाई फोन ठेवून खिडकीशी बसून राहिल्या. जरा वेळाने, कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "माझेच डोळे मेले." मग उठून चहा टाकायला गेल्या.

नापासरावांनी तो चहा घेतला, "वा" म्हटलं, आणि कप ठेवून कॅमेरा उचलला.

त्यानंतर मात्र ते खरे शिकले. आधीची ती बोलण्यातली फुशारकी बंद झाली. सकाळी बैठकीच्या खोलीत उजेड कोणत्या भिंतीवर किती मऊ पडतो ते त्यांनी पाहून ठेवलं. पांढऱ्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, म्हणजे चादरही नको आणि बोटंही नकोत. बटाटा स्टुलावर ठेवून त्याचे फोटो काढले. बटाट्याला कानांच्या जागी दोन लिंबाच्या फोडी टोचल्या आणि नाकापासून लिंबापर्यंत सगळं स्पष्ट येईपर्यंत खिडकी बारीक करत नेली. बारीक केल्यावर उजेड कमी पडला, तसं कारकुनाला जरासं ताणलं. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवला, म्हणजे हात हलायला नको, आणि दुरून दाबायची वायर हातात घेतली. मास्तर म्हणाला, "साहेब, एवढा देखणा बटाटा मी पाहिला नाही. हा परदेशी जाऊ शकेल."

पण बटाट्याला पापण्या नसतात.

तिसरा फोटो अपघातानेच आला. नापासराव भिंतीसमोर उजेड जोखत होते आणि सासूबाई तिथे स्टुलावर येऊन बडबडायला लागल्या, "माझे बटाटे टोचून टोचून फुकट घालवले! आणि लिंबं! ह्या घरात माणसांना खायला मिळो न मिळो..." नापासरावांनी नेहमीप्रमाणे मान खाली घातली. सासूबाईंची बोलणी त्यांनी आजवर त्यांच्या चपलांकडे बघूनच खाल्ली होती. चपलांची नक्षी त्यांना तोंडपाठ होती. पण त्या दिवशी मान घालायची जागा कॅमेऱ्याने अडवली होती. नजर भिंगातून गेली आणि ते थक्क झाले.

डोळे सताड उघडे होते.

बोलणी देताना ही बाई डोळे मिटत नाही, हे लग्न झाल्यापासून रोज डोळ्यांसमोर घडत होतं आणि बघायची हिंमत झाली नव्हती! त्यांनी वायर दाबली. फोटो लखलखीत. कान दोन्ही. मागे पांढरी भिंत. डोळे टपोरे, रागीट. आणि तोंडाचा हा एवढा मोठा आ, की दंतवैद्यांनी प्रत मागून घेतली.

"तोंड बंद हवं, सर," खिडकीवरची मुलगी म्हणाली. पण ह्या वेळी फोटो परत सरकवताना तिचं बोट जरासं रेंगाळलं. "बाकी सगळं बरोबर आहे. सर, फक्त तोंड."

फक्त तोंड! नापासरावांनी घरी सगळी परिस्थिती मांडली. सासूबाईंचं तोंड आणि डोळे एकाच दोरीला बांधलेले होते. तोंड उघडलं की डोळे उघडणार, तोंड मिटलं की डोळे मिटणार. दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक क्षण हवा होता, डोळे अजून उघडे आणि तोंड नुकतंच बंद.

"पण ती बोलताना मध्ये थांबतच नाही," बायको म्हणाली.

"का थांबत नाही?"

बायको जरा विचार करून म्हणाली, "कारण तुम्ही कधी उत्तरच देत नाही."

सासूला उलट उत्तर! अहो, ज्या माणसाने मंत्र्याच्या मेहुण्याचा फोटो नापास केला, त्या माणसाने आधी दाराबाहेर डोकावून सासूबाई ऐकत नाहीत ना ते पाहिलं.

सकाळी उजेड भिंतीवर मऊ पडला. सासूबाई स्टुलावर बसल्या, पापण्या खाली. नापासरावांनी वायर मुठीत पाठीमागे धरली आणि ठरल्याप्रमाणे ओला टॉवेल सासूबाईंच्या गादीवर भिरकावला.

"अहो जावईबापू!" डोळे उघडले. "ओला टॉवेल? माझ्या गादीवर? एवढं वय झालं, केस गेले, पण टॉवेल कुठे टाकायचा ते कळत नाही! कचेरीत लोकांना कान दाखवा, कान दाखवा करत जन्म गेला आणि घरात एक गोष्ट कानावर घ्यायची नाही! माझ्या हातचा चहा तेवढा बरोबर वेळेवर लागतो..."

"आई," नापासराव म्हणाले. आवाज आपलाच आहे याची त्यांना खात्री वाटेना. "तुमचा चहा पाणचट असतो. पहिल्या दिवसापासून."

सासूबाईंचं तोंड मिटलं. डोळे मिटले नाहीत. स्वयंपाकघरात बायकोच्या हातातून ताट पडलं आणि ते गोल गोल फिरत बराच वेळ वाजत राहिलं. नापासराव स्वतःच इतके हादरले होते, की हातातली वायर कशासाठी आहे तेच विसरले. ताट थांबलं तेव्हा कुठे अंगठा हलला.

खट्.

फोटो निघाला तो असा, की मास्तरने उठून दुकानाचा दिवा मोठा केला. नापासराव त्याच्याकडे बघत राहिले. सासूबाईंचे डोळे तपकिरी होते. बायकोचेही तसेच. मुलीचेही. फोनवरच्या त्या रांगणाऱ्या पोरीचेही बहुधा तसेच असणार. एवढी वर्षं ते फक्त चपला ओळखत होते.

खिडकीवर मुलीने फूटपट्टी लावली, भिंग फिरवलं. मग शिक्का उचलला.

"थांब, थांब," नापासराव म्हणाले. "घाई करू नकोस. डावा कान नीट बघ."

"बघितला, सर."

"कपाळावर चमक?"

"नाही, सर."

"माझी ओळख म्हणून तर नाही ना?"

ती ताठ बसली. "सर, मी माणूस बघत नाही, फोटो बघते." आणि तिने शिक्का असा हाणला, की मागच्या रांगेतली माणसं दचकली. त्या ठोक्यासारखं संगीत नापासरावांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पासपोर्ट झाला. व्हिसाही त्याच फोटोवर झाला, तिकीट निघालं. पण घरात संध्याकाळचा चहा बंद झाला. सासूबाई जावयाशी बोलेनाशा झाल्या. काही सांगायचं असलं की, "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, बॅगेचं चाक बघ." नवरा चाक बघे. 'वा' म्हणायला काही उरलं नव्हतं, आणि मजा अशी, की त्या पाणचट पाण्यावाचून नापासरावांचा दिवस खरंच मावळेनासा झाला.

विमानतळावरही त्या नुसत्या मुलीच्या गळ्यात पडल्या आणि आत चालू लागल्या. नापासराव कठड्याच्या अलीकडे उभे, गळ्यात कॅमेरा. पलीकडे काचेच्या फाटकाशी एक यंत्र होतं. समोर उभं राहायचं, यंत्र चेहरा टिपणार, पासपोर्टातल्या फोटोशी जुळवणार आणि फाटक उघडणार. सासूबाई समोर उभ्या राहिल्या.

पापण्या खाली.

यंत्राने नकाराचा आवाज काढला. तिथला अधिकारी म्हणाला, "आजी, डोळे उघडा." "उघडेच आहेत." परत नकार. मागे रांग तुंबली. दुसरा अधिकारी आला, तो एक, दोन, तीन म्हणाला. नकार. सासूबाईंनी वळून पाहिलं. तेवढ्या लांबूनही नापासरावांना त्यांचा चेहरा दिसला; माझेच डोळे मेले, असं म्हणताना झाला होता तसा. पणती तिकडे टेबलाला धरून उभी राहायला लागली होती.

काहीतरी बोलायला हवं होतं. चहाचं वापरून झालं होतं. नापासरावांनी मनात दुसरं कडू सत्य शोधलं, जे इतकी वर्षं दाबून ठेवलंय. सापडलं ते कडू नव्हतंच. त्यांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि सगळं विमानतळ ऐकेल असं ओरडले,

"आई! लवकर परत या! तुमच्याशिवाय मला घरात करमायचं नाही!"

सासूबाई यंत्रापुढे जागच्या जागी थिजल्या. तोंड बंद. डोळे बशीएवढे. यंत्राने गोड आवाज काढला आणि फाटक उघडलं.

त्या पलीकडे गेल्या, दोन पावलं टाकली आणि गर्रकन वळल्या. कितीतरी दिवसांनी त्या थेट त्यांच्याशी बोलल्या, तेही त्या गर्दीच्या डोक्यावरून. "आणि चहाचं?"

सगळी रांग नापासरावांकडे बघायला लागली. अधिकारी बघायला लागले. बायकोने त्यांच्या कोपराला चिमटा काढला. म्हणा, गंमत केली होती म्हणा. नापासरावांच्या डोळ्यांपुढून परत पाठवलेली ती हजारो तोंडं गेली. मंत्र्याचा मेहुणा गेला. नियम म्हणजे नियम.

"पाणचटच असतो!" ते ओरडले.

आणि सासूबाई हसल्या. डोकं मागे टाकून, पोट धरून, लहान पोरीसारख्या. नापासरावांनी कॅमेरा कधी उचलला ते त्यांनाही कळलं नाही. भोक किती, वेळ किती, कारकून कुठे, काही पाहिलं नाही.

तो फोटो आता बैठकीच्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर आहे, कॅलेंडरच्या जागी. त्यात सासूबाईंची मान वाकडी आहे. डोळे हसून हसून घट्ट मिटलेत, तोंडाचा आ आहे, कान केसांखाली गेलेत, मागे गर्दी आणि कोणाची तरी बॅग. घरी आलेल्या प्रत्येकाला नापासराव हाताला धरून त्याच्यासमोर नेतात. परवा खिडकीवरची मुलगी आली, तिलाही नेलं. तिने सवयीने पर्समधून भिंग काढलं, फोटोभर फिरवलं आणि परत ठेवलं.

"बोल ना," नापासराव छाती पुढे काढून म्हणाले. "एक तरी नियम पाळलाय का त्यात?"

"एकही नाही, सर."

"मी काढलाय," नापासराव म्हणाले. "सपशेल नापास आहे."